पोळा ते दिवाळी: झाडाच्या बुडाशी बसून करायची तपासणी

पोळा सरला की आमचे फोन वाजायला लागतात. जून-जुलैत कुणाला झाडाकडे पाहायला सवड नसते. पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी यातच माणूस अडकलेला असतो. बैलांचे खांदे शेकून होतात, दोन दिवस उसंत मिळते आणि मग धुऱ्यावरचा आंबा, अंगणातला कडुलिंब, संत्र्याची बाग नजरेत भरते. "भाऊ, झाड पिवयं पडून राह्यलं, काय मारू?" हा प्रश्न आठवड्यातून दहा वेळा तरी येतो. मी उलट विचारतो, "बुडाशी पाह्यलं का?" पलीकडून उत्तर येत नाही.

आम्ही चौघं जण झाडांची कामं करतो. छाटणी, वठलेली झाडं उतरवणं, बागेतली सल (वाळक्या फांद्या) काढणं, म्हाताऱ्या झाडांची तपासणी. मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यापासून मेळघाटाच्या पायथ्यापर्यंत फिरणं होतं. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली आहे. रोग शेंड्यावर दिसतो, पण बहुतेक वेळा तो सुरू झालेला असतो जमिनीलगतच्या दोन फुटांत, आणि अर्ध्या वेळा तो आपणच लावून दिलेला असतो. म्हणून खालची सगळी कामं खालून वर जाणारी आहेत. शेंडा शेवटी.

हीच वेळ का, तर पाऊस ओसरत असतो, माती ओली पण खुरप्याला ऐकणारी असते आणि बुरशीनं चार महिने काय केलं ते ताजं दिसतं. हस्त नक्षत्र २७ सप्टेंबरच्या सुमारास लागतं. त्याचा एखादा दणका बसतोच, पण त्यानंतर साल कोरडी व्हायला लागते आणि लावलेली मलम-पेस्ट टिकते. डिसेंबरपर्यंत थांबलात तर काळी माती दगड होते.

सामान फार लागत नाही. खुरपं, धारदार चाकू, लाकडी हातोडी, टॉर्च, दात घासायचा जुना ब्रश, सायकलच्या चाकाची एक तार आणि खूण करायला गेरू. कुऱ्हाड घरी ठेवा. कुऱ्हाड हातात असली की माणूस आधी तोडतो आणि मग पाहतो.

माती बाजूला करा

निरोगी झाडाचा बुंधा जमिनीत शिरताना हत्तीच्या पायासारखा रुंद होतो, आणि तिथून जाड मुळं चारी दिशांना सुटलेली दिसतात. तुमच्या झाडाचा बुंधा विजेच्या खांबासारखा सरळ मातीत गेलेला दिसला, तर समजा की त्याच्यावर माती चढली आहे. कधी ती पुराची असते, कधी रोटाव्हेटरनं फेकलेली, कधी विहिरीच्या गाळाची. पुष्कळदा मालकानं प्रेमानं लावलेली असते. पऱ्हाटीला (कपाशीला) माती लावली की ती जोमानं उठते, मग संत्र्याला का नको, असा हिशोब असतो. पण मुळाची साल ओलीत राहायला बनलेली आहे, बुंध्याची नाही. ओल्या मातीत गाडलेली बुंध्याची साल हळूहळू कुजते आणि पानांपर्यंत बातमी पोचायला दोन-चार वर्षं लागतात.

बुंध्यापासून दोन फुटांवर बसा आणि आत सरकत या. आधी खुरपं, शेवटचा वीतभर भाग हातानं. मुळांची वळणं दिसायला लागली की थांबा. बुंध्याभोवती फास टाकल्यासारखं गोल फिरलेलं करंगळीएवढं मूळ सापडलं तर ते कापा. मनगटाएवढं असेल तर हात लावू नका, ते काम जाणकाराकडून करून घ्या. काढलेली माती लांब टाका, तिथंच गोल बांध घालू नका.

संत्र्यात एक खूण पक्की असते: कलमाचा जोड. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरलेला असतो आणि तो जोड जमिनीच्या वर किमान १५ ते २० सेंटिमीटर हवा. जोड मातीत गेला की बुरशीला वरच्या संत्र्याच्या सालीपर्यंत वाट मिळते, आणि ही साल जंभेरीपेक्षाही नाजूक असते. जोड दिसत नसेल तर आजच उघडा करा, बाकीचं नंतर वाचा.

आता पाराबद्दल, कारण यावर माझं डोकं फिरतं. गावोगावी मारुतीच्या देवळापुढचा कडुलिंब, शाळेतली चिंच, पाण्याच्या टाकीजवळचा आंबा यांना सिमेंटचे ओटे बांधले जातात. निधी येतो, पेव्हर ब्लॉक बसतात, फोटो निघतात. ओट्यात दोन-तीन फूट मुरूम भरलेला असतो, तो थेट बुंध्याला टेकलेला. वड-पिंपळ हे सोसून जातात, त्यांना नवी मुळं फोडायची सवय आहे. कडुलिंब, चिंच, आंबा यांना ते जमत नाही. असा पार आधीच असेल तर तो सगळा फोडायची गरज नाही. बुंध्याभोवती चारी बाजूंनी किमान तीन फुटांची फरशी उचला, भराव मूळ जमिनीपर्यंत खाली काढा आणि विहिरीच्या कठड्यासारखं विटांचं कडं कोरडं रचा, म्हणजे मुरूम परत आत घसरणार नाही. मोठ्या झाडाला पाच फूट सोडलेत तर आणखी बरं. नवा पार बांधायचा ठराव ग्रामसभेत येईल तेव्हा एवढंच सांगा: बसायला ओटा झाडापासून दूर बांधा, सावली तिथपर्यंत येते.

पाणी कुठं थांबतं ते पाहा

मोठा पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत चक्कर मारा. ज्या झाडाच्या घेराखाली (फांद्या पसरल्यात तेवढ्या जागेत) अजून पाणी चमकतं, ते झाड नोंदवून ठेवा. काळ्या भारी जमिनीत पाणी मुरलं की मातीतली हवा संपते, आणि मुळांनाही श्वास लागतो. गुदमरलेलं मूळ आधी बारीक तंतू टाकून देतं. मग जमिनीत ओल असूनही पानं तहानल्यासारखी लोंबतात, मालक म्हणतो पाणी कमी पडलं, आणि आणखी पाणी सोडतो.

खात्री करून घ्यायची सोपी रीत आहे. झाडाच्या घेराच्या कडेखाली वीतभर खोल उकरा आणि काडीएवढी मुळं बोटात धरून हलकेच ओढा. धड मूळ पांढरट-पिवळं आणि चिवट असतं. कुजलेल्या मुळाची साल बोटांतच सुटून येते आणि आत दोऱ्यासारखी तार उरते, वायरवरचं प्लास्टिक सोलावं तशी. चार बाजूंना चार ठिकाणी पाहा. एकाच बाजूला कुज असेल तर पाणी त्या बाजूला साचतंय.

उपाय औषधाचा नाही, चराचा आहे. संत्र्याच्या दर दोन ओळींमागे उताराच्या दिशेनं फूटभर रुंद आणि फूट-दीड फूट खोल चर काढा. उतार नीट नसेल तर चर कुठं रिकामा होणार हे आधी ठरवा, नाही तर तो चर न राहता लांबट डबकं होतो. उन्हाळ्यातली आळी (पाणी द्यायला झाडाभोवती केलेले मातीचे बांध) पावसाळ्यात फोडून टाकायची असतात. ती राहिली असतील तर आता फोडा. पाणी देण्याच्या दिवसांत पुन्हा करताना दुहेरी आळं करा: बुंध्याजवळ मातीचा छोटा गोल बांध, बाहेर मोठा बांध, पाणी दोघांच्या मध्ये. बुंध्याला पाणी टेकता कामा नये. ठिबक असेल तर ड्रिपर बुंध्याजवळून काढून घेराच्या मधोमध सरकवा. रोप तीन वर्षांचं असताना बसवलेला ड्रिपर बारा वर्षांच्या झाडालाही तिथंच टपकत असतो, हे मी किती बागांत पाहिलं त्याची गणती नाही.

पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांसाठी एक ओळ: तिथं भूगर्भातलं पाणीच खारं आहे. बोअरचं पाणी झाडाला देण्याआधी तपासून घ्या, आणि संत्र्याचा हट्ट सोडून बोर, आवळा, कडुलिंब यांच्याकडे वळा.

डिंक दिसला तर

बुंध्यावर डिंकाचे थेंब, त्याखाली काळपट ओली साल, दाबली तर मऊ, आणि सालीला आंबूस वास. संत्रा-मोसंबीत हा डिंक्या. जमिनीत राहणारी फायटोफ्थोरा नावाची बुरशी तो करते, आणि पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून ती बुंध्यावर चढते. हीच खाली मुळं कुजवते. म्हणजे माती, पाणी आणि डिंक ही तीन दुखणी नाहीत, एकच आहे.

धारदार चाकूनं रोगट साल खरवडा. चॉकलेटी भाग संपून हिरवट-पांढरी धड साल चारी बाजूंनी दिसेपर्यंत खरवडायचं, पण लाकडात खोल जायचं नाही. निघालेले तुकडे खाली पडू देऊ नका. बुडाशी गोणपाट अंथरा, सगळं गोळा करून जाळा. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं पुसा, लिटरला १० ग्रॅम. ती सुकली की बोर्डो मलम.

मलम विकतही मिळतं, पण घरचं स्वस्त पडतं आणि ताजं असतं. प्रमाण सरळ आहे: मोरचूद (कॉपर सल्फेट) १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. दहा-पंधरा झाडं असतील तर शंभर-शंभर ग्रॅम आणि एक लिटर पाणी, असा हिशोब बसवून घ्या.

आदल्या रात्री मोरचूद फडक्यात बांधून ५ लिटर पाण्याच्या प्लॅस्टिक बादलीत वरच्या बाजूला टांगून ठेवा. तळाशी टाकला तर सकाळपर्यंत निम्मा तसाच राहतो. दुसऱ्या प्लॅस्टिक बादलीत चुना घ्या आणि त्याच्यावर थोडं-थोडं पाणी शिंपडत जा. कळीचा चुना उकळ्या फोडतो, थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा लावा, पोरांना लांब ठेवा. चुना फुलला की बाकी पाणी घालून ५ लिटर करा, थंड होऊ द्या आणि गोणपाटातून गाळा. मग दोघांनी दोन बादल्या उचलून एकाच वेळी तिसऱ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये धार धरायची आणि तिसऱ्यानं काठीनं ढवळत राहायचं. रंग आभाळासारखा निळा आला पाहिजे.

आता चाचणी. घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं त्यात काही क्षण बुडवून बाहेर काढा. त्यावर तांबूस पुट चढलं तर मोरचूद मोकळा आहे, तो साल जाळेल. आणखी थोडी चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा पाहा. खिळा जसाच्या तसा निघाला की मलम तयार. लोखंडाची किंवा जस्ताची बादली वापरू नका. सुरुवातीच्या काळात मी एकदा जस्ताच्या बादलीत कालवलं होतं. सगळं तांबं बादलीलाच जाऊन बसलं आणि झाडांना नुसता चुना लागला. पुढच्या पावसात डिंक जागच्या जागी.

बुंध्याला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत ब्रशनं लावा, फटींत नीट घुसवा. केलेलं मलम त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी त्यात काही राम राहत नाही. वर्षातून दोनदा लावायचं: मृगाच्या आधी एकदा आणि आत्ता एकदा. डिंक नसलेल्या झाडांनाही लावा, कारण हे औषधापेक्षा चिलखत आहे. आणि बाप्पा, त्याच हातानं खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटू नका. हसण्यावारी नेऊ नका, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मुळं कुजलेली सापडली असतील तर मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब यांचं मिश्र बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम घेऊन घेराखालची माती भिजवतात. पण अंबिया बहाराची (हिवाळ्याच्या अखेरीस फुललेली) फळं सध्या झाडावर आहेत. डब्यावर तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय डबा फोडू नका. ट्रायकोडर्मा शेणखतात मुरवून द्यायचा असेल तर बुरशीनाशकानंतर पंधरा-वीस दिवसांनी द्या. ट्रायकोडर्मासुद्धा बुरशीच आहे, दोन्ही एकत्र दिलं तर पैसे देऊन आणलेली मित्रबुरशी आपणच मारतो. मात्रेबद्दल शंका असेल तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या शिफारशी पाहा. दुकानदार सांगतो ती मात्रा त्याच्या गोदामाप्रमाणे बदलते.

बुंध्यावरची जाळी आणि भुसा

फांद्यांच्या बेचक्यात लाकडाच्या भुशाची आणि विष्ठेची तपकिरी, कोळ्याच्या जाळ्यासारखी पट्टी दिसते. ती साल खाणारी अळी, इंदरबेला. दिवसा भोकात बसते, रात्री त्या जाळीच्या आडोशानं साल खाते. संत्रा, पेरू, आंबा, बोर, बाभूळ, शेवगा काहीच सोडत नाही. हिचे पतंग उन्हाळ्याच्या अखेरीस अंडी घालतात, त्यामुळे आत्ता अळी चांगली पोसलेली असते आणि जाळी सहज दिसते.

ब्रशनं जाळी साफ करा, भोक सापडेल. सायकलची तार आत सारून फिरवा, अळी टोचली गेली तर तारेला ओल लागते. नाही लागली तर पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा भोकात सारा आणि चिखलानं बंद करा. आठ-दहा दिवसांनी परत या. चिखल फोडून ताजा भुसा बाहेर आला असेल तर पुन्हा तेच. डायक्लोरव्हॉसची जुनी बाटली घरात पडली असेल तर ती वापरू नका, त्याच्या वापरावर देशात बंदी आली आहे.

आंब्याच्या बुडाशी मात्र जाडसर, काडीकाडीचा भुसा पडलेला दिसला आणि वर भोकातून काळं पाणी ओघळत असेल तर ती खोडकिड्याची अळी. ती लाकडातच बोगदे करते. तार, बोळा आणि चिखल हेच करायचं, पण अशी भोकं पाच-सहाच्या वर असतील तर पुढची तपासणी नीट करा, कारण झाड पडू शकतं.

पडेल की टिकेल

हे घर, गोठा, शाळा, रस्ता यांच्या शेजारच्या झाडांसाठी. वावराच्या मध्यातलं झाड पोकळ असलं तरी बिघडत नाही. पिंगळा राहतो त्यात, राहू द्या.

बुंध्याला लाकडी हातोडीनं गोल फिरत ठोका. धड लाकूड टणक वाजतं, पोकळ जागा भद्द बोलते. पोकळ म्हणजे तोडा, असं नाही. ढोबळ अंदाज असा, की चारी बाजूंना उरलेलं धड लाकूड बुंध्याच्या त्रिज्येच्या तिसऱ्या भागाएवढं असेल तर झाड सहसा उभं राहतं. ६० सेंटिमीटर जाडीच्या बुंध्याला चहूकडून १० सेंटिमीटर. पण पोकळीला एका बाजूनं मोठं तोंड फुटलं असेल तर हा अंदाज लागू करू नका.

पोकळीत सिमेंट भरू नका. पूर्वी शहाणे लोकही भरायचे. झाड वाऱ्यात डोलतं, सिमेंट डोलत नाही. मधल्या फटीत पाणी साचतं आणि आतली कुज दिसायची बंद होते. घोरपडीसाठी किंवा मधासाठी ढोलीत जाळ करणं तर त्याहून वाईट. जुन्या चिंचेच्या ढोलीत एकदा विस्तव धरला की तो आतल्या आत दोन-दोन दिवस धुमसतो.

बुडाशी लाकडासारखी कडक, वरून तपकिरी आणि कडेला पांढरी अशी बुरशीची छत्री आली असेल, तर मुळांचं लाकूड कुजत आहे. बाभूळ आणि गुलमोहर यांच्यात हे फार. ती छत्री उपटून काही होत नाही, रोग आत आहे. अंगणातल्या गुलमोहराला ती आली असेल तर मी तो उतरवा म्हणून सांगतो, कारण त्याची मुळं वरवर असतात आणि लाकूड ठिसूळ.

झुकलेलं झाड दिसलं की सगळे घाबरतात. शेंडा पुन्हा सरळ वर वळलेला असेल तर झाड लहानपणीच झुकलं आणि सावरलं. पण झुकलेल्या बाजूच्या विरुद्ध माती भेगाळलेली किंवा उचललेली दिसली तर त्याच दिवशी खालची गुरं हलवा आणि कुणाला तरी बोलवा.

विजेच्या तारेजवळच्या फांदीला हात लावायचा नाही. बांबूला विळा बांधून तर नाहीच नाही. महावितरणच्या लाइनमनला सांगून पुरवठा बंद करवल्याशिवाय आम्हीसुद्धा वर चढत नाही.

आता फांदी

या महिन्यांत फक्त वाळकं काढा. हिरवी छाटणी संत्र्यात फळं उतरल्यावर. सल काढताना वाळक्या भागाच्या खाली दोन सेंटिमीटर जिवंत लाकडात काप घ्या, तिथंच बुरशीची हद्द असते. बुंध्यातून सरळ वर पळणारे पाणसोट आत्ता काढले तरी चालतील. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना सिकेटर (छाटणीची कात्री) स्पिरिटनं पुसा.

मनगटाहून जाड फांदी तीन कापांत उतरवा. पहिला काप बुंध्यापासून फूटभर अंतरावर, खालून, तिसऱ्या हिश्शाएवढा खोल. दुसरा त्याच्या दोन इंच बाहेर, वरून आरपार. फांदी पडते, साल सोलली जात नाही. मग उरलेलं खुंट तिसऱ्या कापानं काढायचं. फांदी जिथं बुंध्याला मिळते तिथं फुगीर वळी असते, ती वळी न दुखवता तिच्या बाहेरून. जखम भरणारी साल त्या वळीतूनच येते. बुंध्याशी सपाट कापलं तर वळी गेली, खुंट ठेवलं तर ते वाळून कुज आत नेतं. संत्र्याच्या कापावर बोर्डो मलम लावा. कडुलिंब-आंब्याच्या कापावर डांबर, ऑइलपेंट, शेण यातलं काहीही लावू नका.

झाडाचं मुंडकं छाटून टक्कल करणं ही छाटणी नव्हे. एका वर्षात चौथाई हिरवळीपेक्षा जास्त काढू नये.

अख्खं झाड पाडायचं असेल तर आधी कागद. ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. त्याच्या यादीत आंबा, चिंच, मोह, साग, जांभूळ, फणस, हिरडा, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, अंजन अशी झाडं आहेत. स्वतःच्या वावरातलं असलं तरी परवानगी लागते. चौकशी तलाठ्याकडे किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात करा.

आणि शेवटी शेंडा

कडुलिंबाचं आधी, कारण सध्या निम्मे फोन त्याचेच. पावसाळ्यात फांद्यांची टोकं तपकिरी होऊन वाळतात, ऑक्टोबरपर्यंत झाड होरपळल्यासारखं दिसतं. शेजारच्या तेलंगणात २०२१ मध्ये यानं मोठी खळबळ उडवली होती. फोमोप्सिस नावाची बुरशी हे करते, आणि रस शोषणाऱ्या ढेकण्यानं टोकं टोचलेली असली की तिचं फावतं. चाळीस फुटी झाडावर फवारणी करणं म्हणजे पैसे हवेत उडवणं. पाऊस पूर्ण थांबल्यावर हाताला येतात तेवढी वाळकी टोकं काढून जाळा, बुंध्याभोवतीची माती मोकळी करा, उन्हाळ्यात दोन-चार वेळा पाणी द्या. फाल्गुन-चैत्रात बहुतेक झाडं पुन्हा फुटतात. दिवाळीत घाईनं तोडू नका.

सागाची पानं चाळणी झाली, नुसत्या शिरा उरल्या, तर ती पान जाळीदार करणारी अळी. दरवर्षी येते, सागाला सवय आहे. काही करू नका.

संत्र्याच्या पानांवर काजळी धरली तर ती कोळशी. काजळी स्वतः कीड नाही. पानाच्या मागं बसलेली काळ्या माशीची पिल्लं गोड चिकटा सोडतात, त्यावर ती बुरशी वाढते. म्हणून पान उलटं करून पाहा. १० लिटर पाण्याला १०० मिली निंबोळी तेल आणि १० ग्रॅम कपड्याची पावडर, आणि फवारा पानाच्या मागच्या बाजूला. वरून काळं दिसतं म्हणून सगळे वरच फवारतात.

फळं गळत असतील तर एक गळलेलं फळ उचलून दाबा. टाचणीएवढ्या भोकातून रस आला तर तो रात्री येणारा रस शोषक पतंग. गळलेली फळं रोज उचलून खोल पुरा, संध्याकाळी बागेत धूर करा. त्याच्या अळ्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढतात, म्हणून बागेच्या धुऱ्यावरची गुळवेल काढायला सांगतात. कोरोनानंतर काढ्यासाठी म्हणून तिला कुणी हात लावत नाही. एक वेल घरापाशी ठेवा, बागेजवळच्या काढा.

आंब्या-मोहावरचं बांडगूळ थंडीत फुलतं. फळं धरण्याआधी काढलं तर बरं, कारण फुलटोचे पक्षी ती फळं खाऊन चिकट बी पुढच्या फांदीवर पुसून जातात. नुसतं बांडगूळ ओरबाडलं तर ते परत फुटतं. ते जिथं घुसलंय त्याच्या फूटभर खालून फांदी कापा.

दसऱ्याला आपट्याच्या फांद्या मोडून गाडीभर नेतात. पानं खुडा, फांदी मोडू नका. सालीसकट फाटलेल्या फांदीची जखम वर्षानुवर्षं भरत नाही, आणि बऱ्याचदा तो आपटाही नसतो, कांचन असतो.

तपासलेल्या झाडावर गेरूनं खूण करा: ठीक असेल तर टिंब, पुन्हा पाहायचं असेल तर आडवी रेघ. रेघवाल्या झाडांकडे कार्तिकात एकदा जा. तोवर अळीची भोकं पुन्हा उघडली का, मलमाखालून डिंक आला का, ते कळतं. आणि आम्हाला फोटो पाठवायचा असेल तर तीन पाठवा: माती बाजूला केलेल्या बुडाचा, बुंध्याचा, आणि लांबून अख्ख्या झाडाचा. बुडाच्या फोटोत शेजारी काडेपेटी ठेवा, म्हणजे माप कळेल. नुसता पिवळ्या पानाचा फोटो आला तर मी परत तोच प्रश्न विचारणार.